पाय २२ टक्के गेला, काम किती गेलं? सायकलवरून कामाला जाणाऱ्या एका माळीकाकांचं अपघात प्रकरण

हे प्रकरण पुण्यातलं. काकांच्या परवानगीने लिहितोय, पण नावं, सोसायटी, चौक, हॉस्पिटल, विमा कंपनी सगळं काढून टाकलंय आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील मुद्दाम पुसट केलेत. सायकलवाल्याला गाडीने उडवलं की लोक पहिला प्रश्न विचारतात 'चूक कोणाची', आणि या प्रकरणात तो प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. खरी मारामारी झाली ती माणूस किती कमवत होता आणि आता त्याला नक्की काय करता येत नाही, यावर. म्हणून हे सविस्तर.

पार्श्वभूमी

काका आमच्या सोसायटीचे माळी. अपघाताच्या वेळी वय ४४, मूळ लातूरकडचे, वीसेक वर्षं पुण्यात, राहायला पर्वतीच्या बाजूच्या वस्तीत. सकाळी सहाला सायकल काढायची, कॅरियरला कुदळ नि खुरप्याची पिशवी बांधलेली, हँडलला पाइपचं वेटोळं, आणि एरंडवणे, कोथरूड, कर्वेनगर असा फेरा मारून दुपारी दोनपर्यंत घरी. तीन सोसायट्या आणि सहा-सात बंगले मिळून महिन्याला साधारण २२ हजार. त्यातले सोसायट्यांचे मिळून ११ हजार बँकेत यायचे, बाकी बंगलेवाले आजीआजोबा हातात रोख द्यायचे, दिवाळीला एक पगार जास्त, याची नोंद कुठंच नाही.

पुण्यात सायकल म्हटलं की हल्ली रविवारी सकाळी हेल्मेट-गॉगल लावून सिंहगडाकडे निघालेली मंडळी डोळ्यासमोर येतात (मीपण त्यातलाच), पण सोमवार ते शनिवार रस्त्यावर सायकल असते ती वॉचमनची, पेपरवाल्याची, माळ्याची. आमच्या सायकल ग्रुपमधले चार-पाच जण अपघात झालेल्या सायकलवाल्यांना कागदपत्रांत मदत करतो. त्यात मी सोसायटीचा खजिनदार, म्हणजे काकांचा चेक मीच काढायचो, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडेच आलं.

काय घडलं

सप्टेंबर २०२२, गणपती नुकतेच गेले होते. सकाळी पावणेसातची वेळ, उजेड व्यवस्थित, रस्ता ओला. काका डाव्या कडेने चाललेले. मागून आलेल्या कारने त्यांना ओव्हरटेक केलं आणि लगेच पुढे डावीकडे एका गेटमध्ये वळवली. सायकलवाल्यांना हा प्रकार नवीन नाही, गाडीवाल्याला वाटतं आपण सायकलच्या बरेच पुढे आलो, पण आलेला नसतो. गाडीची डावी बाजू उजव्या पायडलवर आली, पायडल आत वळलं, काका गाडी आणि फुटपाथच्या मध्ये. उजव्या पायाची नडगी वरच्या टोकाला, गुडघ्याच्या सांध्यापाशीच फुटली. त्यात नंतर प्लेट आणि स्क्रू बसले.

गाडी मालकाचा पुतण्या चालवत होता. पळून गेला नाही हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. त्यानेच काकांना गाडीत घालून जवळच्या खासगी हॉस्पिटलात नेलं, १५ हजार डिपॉझिट भरलं, मालक स्वतः संध्याकाळी फळं घेऊन आला आणि काकूंना म्हणाला, "वहिनी, पोलिसबिलिस नको, मी आहे ना." काकूंनी हात जोडले. तिसऱ्या दिवशी हॉस्पिटलने ऑपरेशनचा अंदाज दिला आणि मालकाचा फोन लागेनासा झाला. मग काकांना सरकारी हॉस्पिटलात हलवलं, केशरी रेशनकार्ड होतं म्हणून ऑपरेशन महात्मा फुले योजनेत बसलं, तरी खासगीचं बिल, औषधं, अॅम्ब्युलन्स, वॉकर, फिजिओ धरून खिशातून ७१ हजार ४०० गेले. त्यातले बरेचसे बचत गटाचे.

अडचण नक्की कुठं होती

पहिली अडचण आम्हाला खासगी हॉस्पिटलच्या केस पेपरवर दिसली. दुखापत कशी झाली या रकान्यात लिहिलं होतं 'सायकलवरून पडून इजा'. कार नाही, धडक नाही, काही नाही. आणणाऱ्याने जे सांगितलं ते ड्युटीवरच्या डॉक्टरांनी लिहिलं, काका तेव्हा दुखण्याने अर्धवट शुद्धीत. हा रकाना घरचे कधीच वाचत नाहीत, आणि विमा कंपनीचा वकील सगळ्यात आधी तोच वाचतो.

दुसरी अडचण, एफआयआर नाही. मुलगा (आयटीआयच्या शेवटच्या वर्षाला होता) पोलिस स्टेशनला गेला तर "आता कुठं आलास, कागदावर तर पडल्याचं लिहिलंय" असं ऐकून परत आला. एफआयआर झाला तो अपघातानंतर नवव्या दिवशी.

तिसरी अडचण उत्पन्नाची, आणि ती सगळ्यात वाईट निघाली. मुलाच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या तहसीलदारांच्या दाखल्यावर वर्षाचं उत्पन्न ८४ हजार होतं, म्हणजे महिन्याला ७ हजार. केशरी कार्डाची मर्यादाच वर्षाला एक लाखाची. वस्तीतल्या प्रत्येक घरात असा दाखला असतो, सगळ्यांना माहीत असतं की तो आकडा कसा पडतो, पण कोर्टात तो सरकारी शिक्क्याचा कागद असतो.

चौथी, घाई नाही असं सांगणारे लोक. सरकारी हॉस्पिटलच्या बाहेर एक जण काकूंना भेटला, म्हणाला क्लेमचं सगळं मी बघतो, २० टक्के माझे, आणि आधी प्लेट निघू दे, मग केस टाकू, दोन-तीन वर्षांनी टाकली तरी चालते. एके काळी चालायचं, ते खरंय. पण मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेली दुरुस्ती १ एप्रिल २०२२ पासून लागू झाली आणि कलम १६६ खालच्या नुकसानभरपाईच्या अर्जाला अपघातापासून सहा महिन्यांची मुदत आली. या अटीला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलेलं आहे, पण आव्हान आहे म्हणून कोणी मुदत घालवू नये. त्या माणसाचं ऐकलं असतं तर मार्च २०२३ मध्येच मोठा घोळ झाला असता.

समोर कोणते पर्याय होते

अपघातानंतर साधारण तीन आठवड्यांनी आम्ही काकांच्या खोलीत बसलो, काका कॉटवर पाय उशीवर ठेवून, आणि एकेक पर्याय बोललो.

मालकाशी मिटवणं. मध्यस्थामार्फत त्याचा निरोप आला होता, ५० हजार घ्या आणि 'अपघातात गाडीचालकाची चूक नव्हती' असं प्रतिज्ञापत्र द्या. काकूंचा कल इकडे होता, कारण ५० हजार उद्या मिळणार होते. पण तो एक कागद दिला की विमा कंपनीविरुद्धचा दावा तिथेच संपल्यात जमा. गंमत म्हणजे मालक ज्या पैशाला घाबरत होता ते त्याच्या खिशातून जाणारच नव्हते, थर्ड पार्टी विमा चालू होता, मुलाने गाडीचा नंबर एमपरिवहन अॅपवर टाकून ते पाचव्या दिवशीच बघून ठेवलं होतं. हे त्याला पहिल्याच दिवशी कोणीतरी नीट समजावलं असतं तर कदाचित तो एवढा आडवा लागलाच नसता.

कलम १६४ चा ठरावीक मोबदला. गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक कोणाची हे सिद्ध करायची गरज नाही. केस कमजोर असेल, साक्षीदार नसेल, तर हा रस्ता वाईट नाही. पण तो मोबदला स्वीकारला की कलम १६६ चा मोठा दावा संपतो. काकांचं वय ४४, हातापायावरचं काम, अडीच लाखात आयुष्य निघत नव्हतं.

कलम १६६ चा पूर्ण दावा, मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे शिवाजीनगर कोर्टात. चूक सिद्ध करावी लागते, वेळ लागतो, पण रक्कम माणसाच्या खऱ्या नुकसानीवर ठरते. आम्ही हा घेतला.

यातच उपप्रश्न, वकील कोण. २० टक्केवाल्याला नाही म्हणायचं हे नक्की होतं, निकालावर टक्केवारी ठरवणं वकिलांच्या स्वतःच्या बार कौन्सिलच्या नियमातच बसत नाही, सर्रास चालतं ही गोष्ट वेगळी. दुसरा पर्याय जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचा फुकट वकील. याबद्दल लोकांच्या मनात फार अढी असते, 'फुकटचा वकील काय बघणार'. महाराष्ट्रात वर्षाला तीन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या माणसाला तो मिळतो, आणि बाई, अनुसूचित जाती-जमातीची किंवा दिव्यांग व्यक्ती असेल तर उत्पन्नाची अटही नाही. काकांचे २२ हजार गुणिले बारा म्हणजे २ लाख ६४ हजार, बसत होते.

इथे एक बारीक पण महत्त्वाचा निर्णय झाला. अर्जाबरोबर उत्पन्नाचा पुरावा म्हणून तो ८४ हजारांचा दाखला जोडून टाकायला मुलगा निघाला होता, हाताशी होता म्हणून. प्राधिकरणाच्या पॅनलवर मिळालेल्या वकील मॅडमनी पहिल्याच भेटीत विचारलं, "खरं किती आहे?" आणि म्हणाल्या, जे खरं आहे तेच सगळीकडे लिहायचं, इथे ८४ हजार आणि दाव्यात पावणेतीन लाख असं चालणार नाही. खऱ्या आकड्याचं प्रतिज्ञापत्र केलं. शिष्यवृत्तीचा दाखला काही नाहीसा होणार नव्हता, पण निदान तो आमच्या हाताने पुढे गेला नाही.

काय काय केलं

एफआयआरसाठी मुलाला एकटं परत पाठवलं नाही. काकांचा लेखी जबाब हॉस्पिटलातूनच तयार केला, वर अर्ज, खाली काकांची सही, अंगठा नव्हे (ते सातवी शिकलेत, सही झोकात करतात), आणि पोच घेतली. गुन्हा दाखल झाला भारतीय दंड संहितेच्या २७९ आणि ३३८ खाली, आता तीच कलमं न्याय संहितेत २८१ आणि १२५ झालीत.

'पडून इजा'चं काय करायचं यावर बराच खल झाला. हॉस्पिटलकडून नोंद बदलून घ्यायची का असं मुलगा विचारत होता, ते अजिबात करायचं नव्हतं, खाडाखोड केलेला केस पेपर आहे त्यापेक्षा वाईट दिसतो. मग मॅडमनी एमएलसी रजिस्टरची (अपघात-मारहाणीसारख्या पोलिसांशी संबंध येणाऱ्या केसेसची हॉस्पिटलची नोंदवही) प्रमाणित नक्कल मागवली, केस पेपर नव्हे, रजिस्टर. त्यात एक रकाना असतो, जखमीला कोणी आणलं. तिथे पुतण्याचं पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि सही. काका जर आपले आपण घसरून पडले तर त्यांना ओळखत नसलेला हा मुलगा त्यांना स्वतःच्या गाडीत घालून का आणतो, १५ हजार का भरतो? ज्या नोंदीवर कंपनी उभी राहणार होती तीच नोंद आमच्या कामी आली.

दुसरा पुरावा समोरच्या मेडिकलचा कॅमेरा. फूटेज काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, ग्रुपमधला एक जण पहिल्याच आठवड्यात जाऊन दुकानदाराला गोडीत पटवून पेनड्राइव्हवर घेऊन आला. त्यात प्रत्यक्ष धडक दिसत नाही, झाड आडवं येतं. गाडी सायकलला मागे टाकून लगेच डावीकडे वळते, ब्रेक लाइट लागतो, आणि झाडाच्या दुसऱ्या बाजूने सायकल बाहेरच येत नाही. एवढंच. पुरेसं होतं. पेनड्राइव्ह पोलिसांकडे पोच घेऊन दिला आणि फूटेज त्याच्याच कॅमेऱ्याचं असल्याचं दुकानदाराचं प्रमाणपत्रही घेतलं, तो आधी कां कू करत होता, "कोर्टात यावं लागंल का" म्हणून. सायकल गेटवरच्या वॉचमनने आत घेऊन ठेवली होती, आत वळलेल्या पायडलचा फोटो त्याने त्याच दिवशी काढलेला, आणि पंचनाम्यातही ते आलं.

नियमाप्रमाणे पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला पाठवायचा असतो, हे नियम एप्रिल २०२२ पासूनचे. आमच्या प्रकरणात ते आपोआप काही झालं नाही. मॅडमनी अर्ज देऊन एफआयआर, घटनास्थळ आणि सायकलचा पंचनामा, कॉम्प एए फॉर्म (अपघात आणि गाडीची माहिती देणारा पोलिसांचा फॉर्म), आरसी, लायसन्स, पॉलिसी अशा नकला गोळा केल्या आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये दावा दाखल झाला, मुदतीच्या आत. सामनेवाले दोन, गाडीमालक आणि विमा कंपनी.

कंपनीचं लेखी म्हणणं अपेक्षेप्रमाणेच. अपघात आमच्या गाडीने झालाच नाही, एफआयआर उशिरा, आणि झाला असलाच तर सायकलवाल्याने हेल्मेट घातलं नव्हतं. हेल्मेटचा मुद्दा वाचून मला हसू आलं, कारण हेल्मेटची सक्ती मोटरसायकलला आहे, सायकलला नाही, आणि मोडला होता गुडघा. उशिरा एफआयआरवर सुप्रीम कोर्टाने २०११ साली रवी विरुद्ध बद्रीनारायण मध्ये सांगून ठेवलंय की उशिराचं कारण पटण्यासारखं असेल तर नुसत्या उशिरावर दावा उडवता येत नाही, माणूस आधी दवाखाना बघतो. फौजदारी केसमध्ये मधल्या काळात पुतण्याने गुन्हा कबूल करून दंड भरला, तेव्हा चूक कोणाची हा वाद जवळजवळ मिटला.

मग सुरू झाला आकड्यांचा वाद.

सरकारी हॉस्पिटलच्या दिव्यांगत्वाच्या दाखल्यावर होतं उजव्या पायाचं कायमचं अपंगत्व २२ टक्के. कंपनीचं म्हणणं, २२ टक्के पायाचं आहे, सगळ्या शरीराचं धरलं तर १० टक्केही नाही. त्यांचा हिशोब असा, उत्पन्न १० हजार, वर्षाचे १ लाख २० हजार, गुणिले १४ (वर्षाचं उत्पन्न कितीने गुणायचं तो आकडा म्हणजे गुणक, ४१ ते ४५ वयाला तो २००९ च्या सरला वर्मा निकालापासून ठरलेला आहे), त्याचे १० टक्के म्हणजे १ लाख ६८ हजार, अधिक बिलं, अधिक थोडंफार वर. तीन लाख घ्या.

आमचं म्हणणं, टक्के पायाचे मोजायचे नाहीत, कामाचे मोजायचे. हे काही आम्ही शोधून काढलेलं नाही, २०१० च्या राजकुमार विरुद्ध अजयकुमार या निकालात सुप्रीम कोर्टाने पायऱ्याच घालून दिल्यात, आधी माणूस काय काम करत होता ते बघा, मग त्या दुखापतीनंतर त्यातलं काय करता येतं आणि काय नाही ते बघा, आणि त्यावरून कमाईची किती क्षमता गेली ते ठरवा. ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्याचा हाच गुडघा आणि माळ्याचा हाच गुडघा, दाखल्यावर टक्का एकच येईल.

२०२४ च्या मध्यावर लोकअदालतीत कंपनी सात लाखांवर आली. हा सगळ्यात अवघड निर्णय. लोकअदालतीत मिटलं की वर अपील नाही, पैसे लवकर, बचत गटाचं कर्ज डोक्यावर. काकू म्हणाल्या, "घेऊन टाका, कोर्टाच्या तारखा खाऊन पोट भरत नाही." त्यांचं काही चुकीचं नव्हतं. दुसऱ्या बाजूला मॅडमचा अंदाज होता की डॉक्टरांची साक्ष नीट झाली तर रक्कम बारापर्यंत जाऊ शकते, पण डॉक्टर कधी येतील याचा नेम नाही, आणि काका तोवर एका बिल्डिंगमध्ये रात्रपाळीचे वॉचमन म्हणून १० हजारावर लागले होते, ते कंपनी वापरणार हे उघड होतं. शेवटी काकांनीच ठरवलं. थांबायचं, फक्त मुलाच्या फीपुरती सोय होईपर्यंत मन घट्ट ठेवायचं. ती सोय सोसायटीतल्या दोघांनी बिनव्याजी केली. ती झाली नसती तर सात लाखच घ्यावे लागले असते, आणि मी घ्याच म्हणालो असतो.

डॉक्टर २०२५ च्या सुरुवातीला आले. त्याआधी मॅडमनी काकांना विचारून माळीकामाची एक यादीच केली होती, उकिडवं बसून खुरपणी, कुदळ मारणं, खतामातीची गोणी उचलणं, शिडीवर चढून मेंदी छाटणं, कुंड्या हलवणं, आणि या सगळ्यासाठी दिवसभर सायकल. सरतपासात (आपल्या साक्षीदाराला आपलाच वकील प्रश्न विचारतो तेव्हा) डॉक्टरांना त्या एकेक विचारत गेल्या. गुडघा किती वळतो? ९० अंशांपर्यंत. उकिडवं बसता येईल? नाही. मांडी घालता येईल? नाही. शिडी? सल्ला देणार नाही. सायकल? पायडल वरच्या बाजूला येतं तेव्हा गुडघा ९० पेक्षा जास्त वळावा लागतो, त्यामुळे साधी सायकल सलग चालवता येणार नाही. उलटतपासात कंपनीच्या वकिलांनी २२ टक्के पायाचेच ना एवढं कबूल करून घेतलं, डॉक्टर हो म्हणाले, पण तोवर सांगायचं ते सांगून झालं होतं.

उत्पन्नासाठी मी साक्ष दिली, सोसायटीची व्हाउचर बुकं आणि बँक स्टेटमेंट घेऊन. "तुमची ओळख आहे म्हणून सांगताय" असं मला विचारलं, मी म्हटलं ओळख आहेच, पण चेकवर ऑडिटरची पण खूण आहे. बंगलेवाल्यांपैकी एक आजोबा आले, त्यांच्या डायरीत 'माळी २,०००' दर महिन्याला लिहिलेलं. बाकीचे यायला तयार झाले नाहीत. आणि मग उलटतपासात तो ८४ हजारांचा दाखला निघालाच. काका म्हणाले, "साहेब, त्यो आकडा मी न्हाई लिवला, फॉर्मावर बसंल असा टाकला." कोर्टात थोडी खसखस पिकली, पण नुकसान झालं ते झालं.

निकाल

२०२५ च्या दिवाळीच्या सुमारास निकाल लागला. चूक पूर्णपणे कारचालकाची, काकांची सहभागी चूक नाही. मासिक उत्पन्न १४ हजार धरलं, २२ नाही. बँकेतले ११ हजार आणि आजोबांचे दोन पटले, उरलेल्या रोखीतली थोडीच जमेस धरली, दाखल्याचा परिणाम स्पष्ट दिसतो. वय ४० ते ५० मधल्या स्वतःचं काम करणाऱ्याला भविष्यातल्या वाढीचे २५ टक्के मिळाले, हा २०१७ च्या प्रणय सेठी निकालाचा नियम. कमाईच्या क्षमतेचं नुकसान ३० टक्के धरलं, आम्ही ४० मागितलं होतं, पण वॉचमनची नोकरी आड आली.

म्हणजे १४ हजार गुणिले १२, अधिक २५ टक्के, झाले २ लाख १० हजार वर्षाचे, गुणिले १४, त्याचे ३० टक्के, ८ लाख ८२ हजार. औषधपाण्याचे ७१ हजार ४००. घरी बसलेल्या सात महिन्यांचे ९८ हजार. वेदना आणि जगण्यातला गमावलेला आनंद यांचे मिळून एक लाख. सोबतीचा माणूस, येणंजाणं, आहार ४० हजार. प्लेट काढायच्या ऑपरेशनचे ३५ हजार. एकूण १२ लाख २६ हजार ४००, आणि प्लेटचे पैसे सोडून बाकीवर दावा दाखल झाल्यापासून साडेसात टक्के व्याज. व्याज धरून साडेचौदा लाखांच्या थोडं वर गेलं. त्यातले पाच लाख तीन वर्षं मुदत ठेवीत ठेवायचा आदेश, बाकी थेट काकांच्या खात्यात. कंपनीने अपील न करता पैसे भरले. गाडीमालकाच्या खिशातून एक रुपया गेला नाही.

काय वेगळं करता आलं असतं

मालकाच्या गोड बोलण्यातही पहिल्याच रात्री ११२ ला फोन करायला हवा होता. माणूस चांगला असणं आणि पोलिसांत नोंद असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, नोंद झाली म्हणून त्याच्याशी भांडण झालं असं होत नाही. आणि घरचं कोणी हॉस्पिटलात पोचलं की केस पेपरचा तो रकाना वाचायचा, चुकीचं असेल तर तिथल्या तिथे डॉक्टरांना खरं सांगून नवी नोंद करायला सांगायचं, ते डॉक्टर करतातच, तीन आठवड्यांनी बदलायला गेलं तर नाही करत.

उत्पन्नाचं मला जास्त लागतं. १४ ऐवजी २२ धरले असते तर नुसत्या कमाईच्या रकान्यात पाच लाखांचा फरक पडत होता. आता आम्ही ओळखीच्या माळी, स्वयंपाकाच्या मावशी, वॉचमन यांना पगार यूपीआयने किंवा चेकने द्या असं सोसायट्यांना सांगतोय, आणि रोख द्यायची तर महिन्याला एका वहीत दोघांच्या सह्या. दाखल्याचा प्रश्न मात्र आमच्या हातात नाही. शिष्यवृत्तीची मर्यादा अशी आहे की खरं लिहिलं तर पोरगा शिक्षणातून जातो आणि खोटं लिहिलं तर बाप कोर्टात अडकतो.

वॉचमनच्या नोकरीवर आमच्यात अजून मतभेद आहेत. ग्रुपमधल्या एकाचं म्हणणं निकालापर्यंत काकांनी नोकरी धरायला नको होती, टक्का ४० झाला असता. मला ते पटत नाही. तीन वर्षं माणसाला घरी बसवून ठेवायचं, कर्ज वाढू द्यायचं, कशासाठी, आणि लपवून नोकरी केली असती तर उलटतपासात तोंडघशी पडलो असतो. त्यापेक्षा त्या नोकरीत काय जमत नाही, जिने चढून राउंड मारता येत नाही म्हणून पगार बाकीच्यांपेक्षा कमी आहे, हे त्या बिल्डिंगच्या चेअरमनकडून लिहून घेऊन रेकॉर्डवर आणायला हवं होतं. ते राहिलं.

ज्यांच्याकडे मेडिक्लेम आहे अशा सायकलवाल्यांसाठी एक जोड. कंपन्या म्हणायच्या की मेडिक्लेममधून बिल मिळालंय ना, मग ते वजा करा. मुंबई हायकोर्टाच्या फुल बेंचने मार्च २०२५ मध्ये ठरवलंय की ते वजा करता येत नाही, हप्ते तुम्ही भरले, त्याचा फायदा धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीला का. त्यामुळे मेडिक्लेमला मूळ बिलं देण्याआधी त्यांच्या प्रमाणित प्रती काढून ठेवा, नंतर मागायला गेलं की फार फिरवतात.

काकांची प्लेट अजून पायातच आहे, डॉक्टर म्हणतात त्रास नसेल तर घाई नको. माळीकाम आता मुलगा करतो, आयटीआय करून, सकाळी नोकरीवर जायच्या आधी दोन सोसायट्या, आणि त्याचा पगार मी दर महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने पाठवतो, नोंदीत 'माळीकाम' लिहून.